दादाच्या पायाचं माप

रविवार, मार्चमधला दुसरा. दुपारचे तीन. जागा: आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरचं सोसायटीचं ऑफिस, डोंबिवली पूर्व.

हजर: मी, दादा, वहिनी. पाच वाजता येणार: मास्तर. गैरहजर: माझा नवरा. गिटार किती वेळ चालणार आहे हे त्याने शनिवारीच विचारून घेतलं आणि रविवारी सकाळी कल्याणला मावशीकडे जायचं काढलं.

अशी नोंद करायची मला सवय आहे. दिवसभर कॉलेजच्या ऑफिसात परीक्षा विभाग बघते, घरी आल्यावर सोसायटीची सेक्रेटरी असते. दोन्हीकडे कोण होतं आणि कोण नव्हतं यावरूनच पुढे भांडणं होतात. दादा म्हणतो, ही जन्मली तेव्हा हातात पेन होतं, सुईणीची सही घेतली आणि मग रडली.

खरं तर सवय त्याच्यामुळेच लागली. तेव्हा आम्ही कल्याणला चाळीत राहायचो. दादा अकरावीत होता आणि मित्राची जुनी गिटार घरी घेऊन आला होता. वडिलांनी अट घातली, एक तास अभ्यास तर एक तास गिटार. पहारा माझ्याकडे. मी सातवीत, पाठकोऱ्या कागदांची वही शिवून त्यात दोन रकाने आखले. अभ्यासाच्या तासाला दहा मिनिटं कमी पडली की दादा मला चिंचा द्यायचा. चिंचाही मी लिहायचे. महिनाअखेरीला वडिलांनी वही वाचली आणि दोघांनाही बोलले. दादा अजून ते विसरलेला नाही.

त्या रविवारी कार्यक्रमपत्रिकेवर एकच विषय होता. दादा पंचवीस वर्षं एका भीमगीतांच्या गटात लीड गिटार वाजवतो आहे. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी शीळफाट्याच्या वळणावर खडीवरून त्याची स्कूटर घसरली आणि उजवा घोटा मोडला. आत पट्टी बसली, स्क्रू बसले, हाड जुळलं. दादा चालायला लागला, जिनाही चढायला लागला. पण घोटा आखडला तो आखडलाच. पाऊल वर-खाली व्हायचं ते जेमतेम दोन बोटं.

गटाचे मुख्य गायक म्हणजे मास्तर. मुलांना शिकवून निवृत्त झाले, राहतात दिव्याला. त्यांनी फेब्रुवारीत फोन केला तो दादाला नाही, मला.

"तुझ्या भावाला विचारलं तर तो हो म्हणेल नाहीतर नाही म्हणेल, आणि दोन्ही खरं नसेल. म्हणून तुला विचारतो. जयंतीच्या तालमी सुरू करायच्यात. गिटार येणार असेल तर तिची जागा सोडून गाणी बसवतो. नसेल तर ती जागा कीबोर्डने भरून टाकतो. पण एकदा भरली की मी परत उकरत नाही बसणार. काय ते ऐकायला मी येतो, तू दिवस ठरव."

मी दिवस ठरवला.

गिटार वाजवायला पाय कशाला लागतो, हे मलाही पूर्वी कळत नव्हतं. दादाच्या पायाखाली एक पेडल असतं, त्याला वा-पेडल म्हणतात. पायाने ते मागे-पुढे झुलवलं की गिटारचा सूर तोंड उघडल्यासारखा मोठा होतो आणि मिटल्यासारखा बारीक. माणूस काहीतरी बोलतोय असं वाटतं. मास्तर कडवं संपवून श्वास घ्यायला थांबले की दादा तो आवाज काढायचा आणि पुढच्या रांगेतून शिट्ट्या यायच्या. लोक वा म्हणतात म्हणून त्याचं नाव वा-पेडल, असं वहिनीला लग्नानंतर बरीच वर्षं वाटत होतं. दादाने ते दुरुस्त केलं नाही.

त्याचं जुनं पेडल लोखंडी, धोब्याच्या इस्त्रीएवढं. ते चालू करायला चवड्याने पार शेवटपर्यंत दाबायचं, मग आत खटका वाजतो. बंद करायलाही तसंच. जानेवारीत त्याने घरी एकदा प्रयत्न केला. वहिनीने मला नंतर सांगितलं, उभं राहून सगळं अंग टाकलं तेव्हा कुठे खटका वाजला, आणि मग तो बंदच करता येईना. दुसऱ्या दिवशी दादाने पेडल, केबली आणि प्रोसेसर एका बॅगेत भरून माझ्याकडे पाठवला. प्रोसेसर म्हणजे ती बटणांची पेटी, जिच्यात गिटारचे निरनिराळे आवाज साठवलेले असतात. बरोबर निरोप होता, "तुझ्याकडे जागा आहे. यादी करून ठेव." गिटार मात्र पाठवली नव्हती. मी यादी केली, आणि गिटार नाही हेही लिहिलं.

मला सुरातलं काही कळत नाही. माहितीपत्रकं मात्र कळतात. तीन आठवडे मी जेवणाच्या सुट्टीत हीच वाचली आणि शेवटी ठाण्याच्या एका दुकानातून एक छोटं पेडल आणलं. माझ्या चपलेहून आखूड.

"आंटी, कौन बजाता है?" दुकानदाराने विचारलं.

"भाई."

"उनको बोलो, बडावाला लें. इसमें पैर कम घूमता है."

"इसीलिए तो," मी म्हटलं.

या पेडलला मागे एक बारीक सरकबटण आहे. एका बाजूला ठेवलं की ते साधं वा-पेडल. दुसऱ्या बाजूला ठेवलं की स्वतः आवाज करायचं थांबतं आणि पाय आत्ता कुठे आहे, एवढंच प्रोसेसरला कळवत राहतं. त्यावरून आवाज उघडायचा, मिटायचा, लांबवायचा, ते सगळं प्रोसेसर बघतो. खटका दाबायची गरज नाही, पाय हलला की काम सुरू. निरोप पोचवायचा आणि त्यात स्वतःचं मत घालायचं नाही. असा माणूस आमच्या ऑफिसात मिळाला तर मी त्याला कायम करून घेईन.

शनिवारी संध्याकाळी मी सगळी जोडणी केली. पहिल्यांदा काहीच होईना. मग लक्षात आलं की केबल चुकीची आहे. गिटारच्या केबलच्या टोकावर एक काळी रेघ असते, या कामाला दोन रेघांची लागते. ती बॅगेच्या तळाशी निघाली. ती लावली आणि पेडल हललं की प्रोसेसरच्या पडद्यावरचा आकडाही हलायला लागला. त्या यशाने मी फार खूश झाले, हे इथे नोंदवायला हवं, कारण पुढची चूक त्यातूनच झाली.

पुढचं काम होतं प्रोसेसरला पेडलची ओळख करून द्यायचं. पडद्यावर सूचना येते: टाच खाली करा, बटण दाबा. चवडा खाली करा, बटण दाबा. म्हणजे सुरुवात कुठे आणि शेवट कुठे, ते त्याला समजतं. मी टाच खाली केली, बटण दाबलं. चवडा खाली केला, बटण दाबलं. वहीत खूण केली.

रविवारी दादा-वहिनी वेळेत आले. ते ठाण्याला वर्तकनगरात राहतात, आणि माणकोलीचा पूल झाल्यापासून तिथून येताना शीळफाटा लागत नाही. वहिनी म्हणाली, "हा पूल नसता तर हा आलाच नसता. मागच्या वेळी फाटा आला तर मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेला, आणि मोबाइल बंद होता."

"चार्जिंग संपलेलं," दादा म्हणाला.

"हो ना, तेच म्हणतेय मी."

वहिनी घरी ब्लाउज शिवते. कुठेही गेली तरी हुक लावायचं काम पिशवीत असतं. ती खिडकीशी बसली. दादा नोटीस बोर्डाच्या समोरच्या भिंतीलगत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला, गिटार जुळवली, सँडल काढली आणि उजवा पाय पेडलवर ठेवला. पावलाच्या बाजूची शस्त्रक्रियेची खूण अजून गुलाबी होती.

त्याने तार छेडली आणि पाय हलवला. आवाज बदलला, पण अगदी थोडा. दात न उघडता बोलणाऱ्या माणसासारखा तो मधल्यामध्ये घुटमळत राहिला. दादाने जोर लावला. अजून जोर लावला. कपाळावर घाम आला. हाताची बोटं पूर्वीसारखीच पळत होती, आणि त्यामुळे ते जास्तच वाईट वाटत होतं.

"मशीन बरोबर आहे," मी म्हटलं. "काल मी बघितलं ना. पडद्यावर आकडा शून्यापासून शंभरपर्यंत जात होता."

आणि हे सिद्ध करायला मी चप्पल काढली, त्याला पाय बाजूला घ्यायला सांगितलं आणि माझा पाय पेडलवर ठेवला. "वाजव."

त्याने वाजवलं. माझ्या पायाखाली सूर ऐसपैस उघडला आणि मिटला.

दादाने माझ्या पायाकडे बघितलं. "मग पायच," तो म्हणाला.

त्याने गिटारचा पट्टा खांद्यावरून काढला आणि फडक्याने तारा पुसायला लागला. वाजवून झाल्यावर तो तारा पुसतो. "मास्तरांना फोन कर. लवकर कर, नाहीतर माणूस दिव्याहून निघेल."

मी फोन घेतला. दिलेलं काम लगेच करायची मला इतकी सवय आहे की मी नंबरही काढला होता.

"ताई, थांबा जरा," वहिनी म्हणाली. तिने दात लावून दोरा तोडला. "काल तुम्ही ते टाच खाली, चवडा खाली केलंत. कोणाची टाच?"

"म्हणजे?"

"माप कोणाचं घेतलंत?"

"माझं."

"मी पण इतकी वर्षं शिवतेय," वहिनी म्हणाली. "गिऱ्हाईक समोर बसलंय आणि शेजारणीचं माप घेऊन शिवलं, असं मी तरी अजून केलं नाही. वर तिलाच म्हणायचं, बाई, तुझं अंग बरोबर नाही."

दादाचं फडकं थांबलं. मग तो हसायला लागला. "बघ, सेक्रेटरी. खूण केलीस ना वहीत? खोड आता."

मी खोडली.

वहिनीने हातातलं काम ठेवलं आणि ती फरशीवर बसली. दादाचं पाऊल दोन्ही हातांत धरून तिने पेडलवर ठेवलं. बटणावर मी.

"टाच टेकव. जोर नको लावूस. आपोआप जाते तिथपर्यंतच. हां. ताई, दाबा."

मी दाबलं.

"आता पुढे."

दादाने ओठ आवळून पाऊल पुढे रेटलं.

"एवढं नको. मागे घे."

"अगं जातो इथपर्यंत."

"जातो ते दिसतंय मला. तोंड पण दिसतंय. मागे घे म्हटलं ना. माया ठेवायची."

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिवणारे माया म्हणतात. माप अगदी अंगाबरोबर घेतलं तर कपडा घालून बाईने नुसता श्वास घेतला तरी उसवतो. वहिनीचं म्हणणं होतं की स्टेजवर दोन तास गेले की पाय सुजणार, थकणार, आणि आत्ता ओढूनताणून जिथपर्यंत जातोय तिथपर्यंत तेव्हा जाणार नाही. तेव्हा शेवट थोडा अलीकडेच धरायचा.

दादाने पाऊल थोडं मागे घेतलं. वहिनीने बोटांनी घोटा चाचपून बघितला. "इथे. दाबा ताई."

मी दाबलं. प्रोसेसरने काही हरकत घेतली नाही. पडद्यावर 'झालं' असं आलं. दोन बोटांच्या त्या हालचालीला त्याने सुरुवात आणि शेवट म्हणून लिहून घेतलं.

दादाने तार छेडली आणि पाय हलवला. सूर उघडला, सगळा. मी शेजारी उभी होते, मला पाय हललेला दिसलाही नाही.

वहिनी उठून परत हुक लावायला बसली. तिला सुईत दोरा ओवायला तीनदा प्रयत्न करावा लागला.

सगळं तिथल्या तिथे नीट झालं असं मात्र नाही. एवढ्याशा हालचालीत सगळा आवाज बसवल्यामुळे पाऊल जरा थरथरलं तरी सूर उडी मारायचा. दादा चिडायचा, थांबायचा, परत सुरू करायचा. मी घड्याळ लावलं: दहा मिनिटं वाजवायचं, पाच मिनिटं पाय वर. "चाळीतली वही परत आली," तो म्हणाला, पण पाय वर ठेवला. पाचपर्यंत अशा पाच फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीत त्याने एक लांब सूर धरला आणि तो इतका सावकाश उघडत नेला की बाहेरून जाणारे पहिल्या मजल्यावरचे काका दारात थांबले. तक्रार करतील म्हणून मी पुढे झाले, तर ते म्हणाले, "चालू द्या, चालू द्या."

मास्तर पाच वाजून दहा मिनिटांनी आले. जय भीम झालं. चहा नंतर म्हणाले. दादासमोर खुर्ची ठेवली होती, ती त्यांनी उचलून उलटी केली आणि त्याच्याकडे पाठ करून बसले. तोंड नोटीस बोर्डाकडे.

"मास्तर, इकडे बघा तरी," वहिनी म्हणाली.

"बघायला नाही आलेलो. वाजव रे."

दादाने जयंतीच्या पहिल्या गाण्यातला तुकडा वाजवला. मास्तर नोटिशी वाचत होते. पाण्याच्या वेळा, पार्किंग, गच्चीच्या किल्ल्या. तुकडा संपला.

"परत."

दादाने परत वाजवला. मध्ये एकदा सूर उडाला. मास्तरांनी मान हलवली नाही.

"दुसऱ्या वेळी घाबरलास. का?"

"पाय थरथरला."

"असं. आधी कीबोर्डवाल्याचे हात पण थरथरायचे, नंतर सवय झाली त्याला." मग बोर्डाकडे बोट केलं. "इथली सेक्रेटरी कोण?"

"मी," मी म्हटलं.

"'सूचना'तला सू ऱ्हस्व काढलायस. तिन्ही नोटिशींत."

दादा हसताना गिटारवर वाकला. मास्तर आता त्याच्याकडे वळले. "कडव्यांच्या मध्ये पूर्वी तुला सोळा मात्रा होत्या. आता आठ सोडतो."

"सोळा जमतील मला."

"आठ म्हटलं मी. आठ चांगल्या वाजव. गुरुवारी संध्याकाळी तालीम, आपल्या नेहमीच्या हॉलला. कीबोर्डवाल्याला मी सांगतो, तेवढी जागा मोकळी ठेव."

दादाने मान हलवली. मग गिटारच्या पाठीवर उगाचच हात फिरवला. वहिनी चहा आणायच्या निमित्ताने वर माझ्या घरी गेली आणि चांगली दहा मिनिटं आली नाही.

चहा झाला. मास्तर जायला उठले, दाराशी त्यांना दादाची सँडल दिसली. अपघातापासून तो ही एकच, पट्टे सैल करता येणारी सँडल घालतो.

"गुरुवारी बूट घालून ये," मास्तर म्हणाले. "तालमीतच सवय झालेली बरी. स्टेजवर काळे बूट. नियम तूच काढलायस."

ते खरं होतं. फार वर्षांपूर्वी गटातला एक वादक रबरी चपलांवर स्टेजवर चढला म्हणून दादानेच भांडून हा नियम करवून घेतला होता. आपण कोणासमोर उभे राहून कोणाची गाणी म्हणतोय, त्याला शोभेल असं उभं राहायचं, असं त्याचं म्हणणं होतं.

"घालतो," दादा म्हणाला.

मास्तर गेल्यावर वहिनीने कप गोळा करता करता म्हटलं, "बूट आले की माप बदललं."

माझ्या ते तेव्हा लक्षात आलं. आम्ही माप घेतलं होतं ते उघड्या पायाचं. बुटाला तळ आला, टाच आली, घोट्याभोवतीची कड आली. पेडलवर पाय निराळाच बसणार. दोन बोटांतलं किती उरेल ते घातल्याशिवाय कळणार नाही.

"आहेत ना बूट?" मी विचारलं.

उत्तर वहिनीने दिलं. बूट आहेत, नवे आहेत, अपघाताच्या आधी दोनच कार्यक्रमांना घातलेले. खोक्यात घालून कपाटावर ठेवलेत. तेव्हापासून खोकं कोणी उघडलेलं नाही. "मी एकदा झाडलं वरून," ती म्हणाली. "हा म्हणाला, राहू दे तिथे."

"पायात जात नसेल तर?" दादा म्हणाला. विचारलं कोणालाच नव्हतं.

मी वहीत लिहिलं: बुटासकट परत माप, गुरुवारच्या आधी. दादाने ते वाचलं, आणि "बघू" म्हणाला. त्याच्या पुढे रकान्यात मी जबाबदारी कोणाची ते लिहिते, तो रकाना मी मोकळा ठेवला.

आज मंगळवार. ऑफिसातून आल्यावर मी फोन केला.

"बूट काढलेस?"

"काढायचेत."

"उद्या मी सहाला येते. प्रोसेसर, पेडल घेऊन. वहिनी आहे ना घरी?"

"आहे. ये तू." मागे वहिनीचं मशीन चालू होतं. "पण तू यायच्या आधी मी एकदा घालून बघतो. एकटाच. तिलाही नाही सांगितलं."

"बरं."

"आणि नाही गेला, तर वहीत लिहायचं नाही."

"नाही लिहिणार."

"चिंचा देईन," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

बॅग भरून दाराशी ठेवली आहे. प्रोसेसर आहे, छोटं पेडल आहे, दोन रेघांची केबल आहे, एक जास्तीची पण घेतली आहे. बूट घालायचं पातळ शूहॉर्नही शोधून ठेवलं, ते दादाला सांगितलेलं नाही. पाण्याच्या नोटिशीतला सू दीर्घ करून ती परत लावली, उरलेल्या दोन उद्या सकाळी. बुटासकट माप व्हायचं आहे.